पायमोज्याचें त्रैराशिक

‘ज्याचें जळतें त्याला कळतें’ ही म्हण मराठींत सर्वांच्या तोंडीं आहे. संसारांतील बहुतेक दुःखांच्या बाबतींत ती खरी ठरते. परंतु मनुष्याच्या शरीरांतच एक ठिकाण असें आहे, कीं जेथें ती कधीं कधीं साफ खोटी पडते. तें ठिकाण म्हणजे पाऊल. अनेक वर्षें मधुमेह जडलेल्या पुष्कळ माणसांच्या पायांतील मज्जातंतु हळूहळू दुबळे होतात आणि तळव्याची संवेदना मंदावते. मग तेथें जळतें पण कळत नाहीं, टोंचतें पण दुखत नाहीं, खडा रुततो पण पाय उचलला जात नाहीं. ज्या पावलाला स्वतःची तक्रार सांगतां येत नाहीं, त्याच्या वतीनें घरांतील दुसऱ्या कोणी तरी विचार करावा लागतो. पायमोजा ही वस्तु दिसावयास किती क्षुल्लक! पण अशा पावलाच्या बाबतींत तिच्या मापाचा प्रश्न क्षुल्लक राहत नाहीं.

पुण्यासारख्या शहरांतील एक सुशिक्षित कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. पौषाची थंडी पडली आहे. पहाटे पारा दहा अंशांच्या खालीं उतरतो आणि शहाबादी फरशीवर पाऊल ठेववत नाहीं. घरांतील आजोबांनीं सत्तरी ओलांडली आहे आणि मधुमेह वीस वर्षें त्यांच्या सोबतीला आहे. आजीबाईंचा हात विणकामांत तयार. नातवंडांचे स्वेटर, टोप्या, गळपट्टे त्यांनीं डझनावारी विणले. पण पायमोज्याला हात मात्र या वर्षीं प्रथमच घातला. एका छापील पुस्तकांत कृति मिळाली. ‘मध्यम बांध्याच्या पुरुषाकरितां ६४ टाके घालावे’ असें तींत लिहिलें होतें. आजीबाईंनीं ६४ टाके घातले, पुढील प्रत्येक ओळ अक्षरशः पाळली, आणि तीन आठवड्यांत जोडी तयार झाली.

“अहो, बसतात का नीट?” आजीबाईंनीं विचारलें.

“अगं, उत्तम! पायांत आहेत हेंसुद्धां कळत नाहीं,” आजोबा म्हणाले.

तें ऐकून आजीबाईंना धन्य वाटलें. डॉक्टरांच्या सांगण्यावरून सूनबाई रोज संध्याकाळीं आजोबांचे पाय उजेडांत नीट पाहत असे. त्या दिवशीं तिनें मोजे काढले आणि ती थबकली. “अहो आई, हें पाहा जरा,” ती म्हणाली. उजव्या तळव्यावर, चवड्याच्या किंचित मागें, एक आडवी तांबडी रेघ उमटली होती. मोजा सैल होता. तळव्याखालीं त्याची चुणी पडली होती, आणि त्या चुणीवर आजोबा दिवसभर चालले होते. निरोगी माणसानें दोन मिनिटांत वांकून मोजा सारखा केला असता. आजोबांना त्या चुणीचा पत्ताच लागला नाहीं. सकाळची ती प्रशंसा म्हणजे खरोखर आजाराचें लक्षण होतें!

कातडी फुटली नव्हती. दोन दिवसांत रेघ विरून गेली. पण अशाच एखाद्या रेघेचा फोड होतो, फोडाची जखम होते, आणि मधुमेह्याची पायाची जखम किती हट्टी असते व तिचा शेवट कोठवर जाऊं शकतो, हें वैद्यकशास्त्र जाणणारांस सांगावयास नको. तेव्हां त्या घरांत साहजिकच प्रश्न उत्पन्न झाला, कीं चूक कोणाची? आजीबाईंचा हात चुकला नव्हता, आणि पुस्तकही खोटें नव्हतें. चूक एवढीच होती, कीं पुस्तक लिहिणारानें आजोबांचें पाऊल पाहिलें नव्हतें. छापील कृतींतील ६४ हा आकडा म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी उदाहरणाचें उत्तर होय. उदाहरण न सोडवितां शेजाऱ्याच्या पाटीवरील उत्तर उतरून घेणारा विद्यार्थी ज्या कारणानें नापास होतो, त्याच कारणानें हा मोजाही नापास झाला.

छापील कृति ही तशी अलीकडची सोय आहे. इंग्रजी भाषेंत पायमोजे विणण्याची जी अत्यंत जुनी छापील कृति ज्ञात आहे, ती १६५५ मध्यें लंडन येथें प्रसिद्ध झालेल्या ‘नॅचुरा एक्झेंटेराटा’ या पुस्तकांत आढळते. पण त्याच्या कित्येक पिढ्या आधींपासून युरोपांतील घराघरांतून मोजे विणले जात होते. त्या बायकांपुढें पुस्तक नव्हतें. पाय मात्र होता. पाय पाहावा, टाके मोजावे, घालून बघावें आणि न जमल्यास उसवावें, हीच त्यांची कृति. छापील पुस्तक हातीं आल्यावरही ती जुनी कृति विसरून चालत नाहीं.

आतां हें उदाहरण मुळापासून मांडावें. त्याची पहिली राशि म्हणजे विणणारीचा हात. एकच लोकर आणि एकाच जाडीच्या सुया दोघींच्या हातीं दिल्या, तरी एकीची वीण घट्ट येते, दुसरीची सैल. म्हणून मोज्याला आरंभ करण्यापूर्वीं त्याच लोकरीचा आणि त्याच सुयांचा एक नमुन्याचा तुकडा विणावा. तो निदान पांच इंच रुंद असावा. तो धुवावा, वाळवावा, आणि मग मधल्या चार इंचांत किती टाके बसतात तें मोजावें. एकाच इंचांतील टाके मोजण्याचा मोह टाळावा, कारण अर्धा टाका डोळ्यांना सहज चकवितो. हा अर्धा टाका म्हणजे कांहीं थोडाथोडका नव्हे. इंचाला ७ टाके येत असतील, तर ६० टाक्यांचा घेर साडेआठ इंचांहून किंचित अधिक होतो. तेच साडेसात येत असतील, तर तो बरोबर ८ इंच होतो. अर्ध्या टाक्यापायीं अर्ध्या इंचाहून अधिक फरक!

येथें आणखी एक बारकावा आहे. मोजा चार किंवा पांच सुयांवर गोल विणतात. त्याच्या साध्या भागांत सर्व टाके सुलट असतात. नमुना मात्र बहुधा दोन सुयांवर, एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट असा विणला जातो. पुष्कळ जणींच्या उलट ओळी सुलट ओळींपेक्षां सैल पडतात. म्हणून मोज्याचा नमुनाही गोलच विणावा हें उत्तम. आजीबाईंनीं तसा तुकडा विणला. चार इंचांत २८ टाके भरले, म्हणजे इंचाला ७. आणि उभ्या बाजूस इंचाला १० फेऱ्या. पुस्तकाचा हिशेब इंचाला ८ टाक्यांचा होता. तेथें ६४ टाक्यांत ८ इंच घेर होतो. आजीबाईंच्या हातांत तेच ६४ टाके सव्वानऊ इंचांच्या जवळ जाऊन पोंचले. चुणीचें मूळ येथेंच सांपडलें.

दुसरी राशि म्हणजे पाऊल. पाऊल मोजण्याचीही एक रीति आहे. बसलेल्या माणसाचा लोंबता पाय मोजूं नये. माणूस उभा राहिला, कीं अंगाच्या भारानें पाऊल पसरतें आणि लांबही होतें. म्हणून दोन्ही पायांवर सारखा भार टाकून उभें करावें. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीनें त्याची बाह्यरेषा काढून घ्यावी, म्हणजे बोटांचा आकारही हातीं येतो. चवड्याच्या सर्वांत रुंद भागाभोंवतीं फीत गुंडाळून घेर घ्यावा. टाचेच्या मागील टोंकापासून सर्वांत लांब बोटापर्यंत लांबी घ्यावी. दोन्ही पाय निरनिराळे मोजावे, कारण ते क्वचितच तंतोतंत सारखे असतात. आणि वयस्क माणसाचे पाय संध्याकाळीं मोजावे. दिवसभराच्या उभे राहण्यानें, चालण्यानें ते थोडे फुगलेले असतात. आजोबांच्या चवड्याचा घेर सकाळीं ९ इंच होता, संध्याकाळीं साडेनऊ भरला. लांबी १० इंच.

तिसरी गोष्ट अशी, कीं मोजा पायाच्या बरोबरीचा नसावा. तो थोडा लहान असावा. विणलेलें कापड ताणलें जातें आणि ताण सुटतांच आखडतें. या गुणामुळेंच तें पायास लपेटून बसतें. सामान्यतः पायाच्या घेरांतून एक दशांश वजा करावा. म्हणजे साडेनऊ इंचांतून सुमारें एक इंच वजा जातां साडेआठांच्या वर किंचित उरतात. आतां नववींत शिकणाऱ्या नातीनें वही पुढें ओढली. एका इंचांत ७ टाके, तर ८.५५ इंचांत किती? उत्तर ५९.८५. टाक्याचा अपूर्णांक विणतां येत नाहीं; शिवाय वरच्या कांठाला दोन सुलट, दोन उलट अशी वीण असल्यामुळें आकड्याला चारांनीं भाग जावयास हवा. ५९.८५ च्या अगदीं शेजारीं असा आकडा आहे ६०. पुस्तकांतील ६४ च्या जागीं ६० लिहिले गेले. चार टाके कमी झाले, एवढीच ती दुरुस्ती. पण ती अटकळीनें झाली नाहीं, हिशेबानें झाली.

घेर साधला म्हणजे मोजा साधला, असें मात्र नव्हे. मोजा ही खरी पाहतां एक सरळ नळी. तिला काटकोनांत वळवावी लागते ती टाचेशीं, आणि सगळी मेख तेथेंच आहे. वरून खालीं विणीत आलें, कीं घोट्याखालीं निम्मे टाके, म्हणजे येथें ३०, एका सुईवर घ्यावयाचे आणि फक्त तेवढ्यांचीच मागें-पुढें वीण करून टाचेची पट्टी तयार करावयाची. उरलेले ३० टाके पावलाच्या पाठीवरचे; ते तोंवर स्वस्थ थांबतात. पट्टीच्या प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणतां नुसता उचलला, कीं दोन्ही कडांना सांखळीसारखे फांसे तयार होतात, दोन ओळींमागें एक. मग ओळ अर्ध्यावरूनच परतवीत आणि टाके कमी करीत टाच वळवावयाची; त्या योगें पट्टीच्या तळाशीं वाटीसारखी खोल जागा होते आणि ३० पैकीं १८ टाके उरतात. पुढें कडेचे फांसे उचलून सर्व टाके पुनः गोल विणीत घ्यावयाचे. उचललेल्या टाक्यांमुळें घोट्यापुढील भागास जी जादा रुंदी मिळते, ती हळूहळू कमी करीत नेली, कीं दोन्ही बाजूंस एक एक तिकोन तयार होतो. शिवणकामांत सदऱ्याच्या बगलेस जशी कळी लावतात, तशीच ही मोज्याची कळी समजावी.

मोजा टाचेवरून सरकून तळव्याखालीं जातो, किंवा घोट्यापुढें ताणून बसतो, अशी तक्रार असली म्हणजे पुष्कळ बायका एकूण टाकेच वाढवितात. हा उपाय चुकीचा. त्यानें टाचेची तक्रार मिटत नाहीं आणि चवड्याशीं चुणी मात्र पडते. ज्याच्या पावलाची पाठ उंच आहे, त्यास रुंद मोजा नको असतो. त्यास उंच टाच हवी असते. आजोबांचें पाऊल असेंच उंच पाठीचें. जमिनीपासून घोट्याच्या हाडाच्या खालच्या कडेपर्यंत तें ३ इंच भरलें. टाचेच्या पट्टींत बळकटीसाठीं एकाआड एक टाका नुसता उचललेला असतो, त्यामुळें तिची वीण दाट होते; आजीबाईंच्या हातीं पट्टीच्या इंचास १२ ओळी येत होत्या. जितके टाके तितक्या ओळी या नेहमींच्या नियमानें ३० ओळी विणल्या असत्या, तर पट्टी अडीच इंचांचीच झाली असती. तीन इंचांस ३६ ओळी हव्यात, हें नातीनें तोंडींच सांगितलें.

पण एक आकडा हलला, कीं त्याच्या मागोमाग दुसरे हलतात, हें विसरूं नये. ३० ओळींच्या पट्टीला प्रत्येक बाजूस १५ फांसे मिळाले असते. ३६ ओळींच्या पट्टीला १८ मिळतात. म्हणजे टाचेचे १८, दोन्ही कडांचे मिळून ३६ आणि वरचे ३०, असे एकूण ८४ टाके झाले. त्यांतून पुनः ६० वर यावयाचें, म्हणजे २४ टाके कमी करावयाचे. एकाआड एक फेरींत प्रत्येक बाजूस एक, असे दोन टाके कमी केले, तर १२ वेळां कमी करावें लागेल आणि कळी २४ फेऱ्यांत, सुमारें अडीच इंचांत, संपेल. पट्टी जितकी उंच, तितकी कळी मोठी. हें ज्याला उमगलें, त्याला पुस्तकांतील टाचेची कृति पाठ करावी लागत नाहीं.

याच्या उलटही असतें. ज्याचें पाऊल चपटें आहे, त्याच्या घोट्यापुढें जादा विणीचा घोळ जमतो. त्यानें पट्टीच्या ओळी कमी कराव्या. ज्याची टाच अरुंद आहे, त्यानें टाच वळवितांना मधले टाके कमी घेऊन वाटी निमुळती करावी. प्रत्येक तक्रारीची जागा निराळी आणि तिचा उपायही त्याच जागीं.

आतां बोटांकडील टोंक. मोज्याची लांबी पायाहून सुमारें अर्धा इंच कमी ठेवावी, म्हणजे ताणल्यावर ती बरोबर बसते. आजोबांचा पाय १० इंच, तर मोजा साडेनऊ. टोंकाशीं एकाआड एक फेरींत चार चार टाके कमी करीत ६० वरून २० वर यावयाचें, तर ४० टाके दहा वेळां कमी करावे लागतात. त्यास २० फेऱ्या, म्हणजे २ इंच लागतात. तेव्हां टाचेच्या मागील कडेपासून साडेसात इंच विणून झाले, कीं टोंकास आरंभ करावा. ज्याचीं बोटें आंखूड व जवळजवळ सारख्या लांबीचीं आहेत, त्यास निमुळतें टोंक काचतें. त्याच्यासाठीं ६० वरून २८ वरच थांबावें; मग ३२ टाके आठ वेळांत कमी होतील, १६ फेऱ्या पुरतील, आणि टोंक तितकें उशिरा सुरू करावें लागेल. कागदावर काढलेली पावलाची बाह्यरेषा उपयोगी पडते ती येथें.

टोंक कसें मिटवावें, हा प्रश्न शिवणीच्या सौंदर्याचा वाटतो, पण तो तसा नाहीं. टाके बंद करून शिवलें, तर आंत बोटांवर एक कडक कणा राहतो. त्याऐवजीं दोन्ही सुयांवरील टाके सुईदोऱ्यानें असे जोडतां येतात, कीं जोडाची जागी विणीसारखीच सपाट वीण दिसते आणि बोटास कांहींच लागत नाहीं. इंग्रजींत या जोडास लॉर्ड किचनेर यांचें नांव पडलें आहे. १९१४ च्या महायुद्धाच्या आरंभीं ते ब्रिटनचे युद्धमंत्री होते. त्या युद्धांत फ्रान्स आणि बेल्जमच्या थंड, पाण्यानें भरलेल्या खंदकांत सैनिकांना दिवसेंदिवस उभें राहावें लागे. ओले पाय बधिर होत, सुजत आणि कित्येकांचे कुजत. हजारों सैनिक त्या ‘ट्रेंच फूट’ नांवाच्या विकारानें जायबंदी झाले. पाय कोरडे करून मोजे बदलणें हा तेथें शिस्तीचा भाग झाला, आणि मोज्यांची गरज इतकी वाढली, कीं ब्रिटन, कॅनडा, अमेरिका येथील घराघरांतून बायका, मुलें, वृद्ध माणसेंसुद्धां सुया घेऊन बसलीं. बधिर झालेल्या पावलासाठीं मोजा विणणाऱ्या आजीबाई त्या अर्थानें एकट्या नाहींत. थंडीनें बधिर झालेला पाय असो कीं मधुमेहानें, त्याला आंतली चुणी आणि आंतला कणा दोन्ही सारखेच घातक.

वरच्या कांठाविषयीं थोडेंसें. मोजा खालीं घसरूं नये म्हणून कांठ घट्ट विणण्याकडे बहुतेकांचा कल असतो. पण रात्रीं मोजा काढल्यावर नडगीभोंवतीं खोल वळ दिसत असेल, तर तो कांठ रक्ताच्या प्रवाहास अडवितो असें समजावें. अशा पायासाठीं रबराचा धागा मुळींच वापरूं नये. आरंभींचे टाके जाड सुईवर किंवा दोन सुया एकत्र धरून घालावे, म्हणजे कडेला ताणण्यास वाव राहतो. पोटरी रुंद असेल, तर तिचें त्रैराशिक निराळें मांडावें. कांठाच्या जागीं पोटरीचा घेर ११ इंच असेल, तर एक दशांश वजा करून ७ नें गुणतां ६९ येतात; ६८ टाक्यांनीं आरंभ करावा आणि मागील बाजूस दोन दोन असे चार वेळां कमी करून घोट्याशीं ६० वर यावें.

लोकरीची निवडही मापाचाच भाग आहे. सुती मोजा ताणला, कीं पुरता परत आखडत नाहीं; सकाळीं नीट बसलेला तो संध्याकाळीं सैल होतो. लोकर आपला आकार धरून ठेवते. नुसती लोकर टाचेशीं लवकर झिजते, म्हणून मोज्यांसाठीं मिळणाऱ्या पुष्कळशा लोकरींत सुमारें पाव हिस्सा नायलॉन मिसळलेलें असतें. ती धुण्यानें आटते कीं नाहीं, तें नमुन्याचा तुकडा धुतांनाच कळून येतें. मधुमेह्यासाठीं रंग फिका घ्यावा. त्यांत शोभेचा प्रश्न नाहीं. न कळलेल्या जखमेचा डाग फिक्या रंगावर लगेच दिसतो, गडद रंगांत तो लपून राहतो.

येथें चपलेची आठवण होणें साहजिक आहे. मोजा घालून अंगठ्याची चप्पल घालावयाची, तर मोज्याला अंगठा निराळा हवा. ही कल्पना फार जुनी आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया ॲण्ड आल्बर्ट संग्रहालयांत ईजिप्तमधील एक तांबडा लोकरी मोजा आहे; तो इ. स. २५० ते ४२० च्या दरम्यानचा असून त्याचा अंगठा निराळा केलेला आहे, कारण तो चपलेसारख्या पादत्राणांत घालावयाचा होता. निरोगी माणसासाठीं असा मोजा करणें कठीण नाहीं. बोटांच्या मुळाशीं आलें, कीं अंगठ्याच्या बाजूचे वरचे ८ आणि खालचे ८ टाके निराळे काढावे, फटीशीं ४ नवे घालावे आणि २० टाक्यांची लहान नळी विणावी. उरलेल्या टाक्यांत चार बोटांचें टोंक करावें. उजवा-डावा मोजा मात्र त्यामुळें वेगळा होतो. पण ज्याची संवेदना मंदावली आहे, त्याच्या पायांत अंगठ्याची चप्पलच नको, असें डॉक्टर सांगतात. बोटांमधील पट्टाच तेथें जखम करतो. त्यास समोरून झांकलेलें, मऊ आणि पुरेसें रुंद पादत्राणच योग्य. मोजा म्हणजे औषध नव्हे, हेंही ध्यानांत ठेवावें. पायाला जखम, फोड, सूज किंवा काळसरपणा दिसला, तर सुया बाजूस ठेवून त्याच दिवशीं डॉक्टरकडे जावें.

आजीबाईंनीं पहिली जोडी उसवली. तीन आठवड्यांचें काम उसवतांना कोणाचाही हात जड होतो. परंतु ज्याला उसवतां येत नाहीं, त्याला विणतां येतें असें म्हणणें कठीण. उसवलेल्या लोकरीची लड करून ती कोमट पाण्यांत धुतली आणि टांगून वाळविली, तेव्हां तिच्यांतील वेटोळीं मोकळीं झालीं. नव्या हिशेबानें दुसरी जोडी सुरू झाली. टाच वळवून झाल्यावर एकदां, आणि टोंक सुरू करण्यापूर्वीं एकदां, सुयांसकट मोजा आजोबांच्या पायांत अलगद चढवून पाहिला गेला.

जोडी पुरी झाली तेव्हां आजोबा पुनः म्हणाले, “उत्तम आहेत.” पण या वेळीं त्या प्रशस्तिपत्रावर कोणीच विसंबलें नाहीं. ते एक तास घरांत फिरले. मग सूनबाईनें मोजे काढून तळवे, टाचा, बोटांच्या फटी, नडगी, सर्व उजेडांत पाहिलें. कोठेंही रेघ नव्हती, वळ नव्हता. दुसऱ्या दिवशीं दोन तास, तिसऱ्या दिवशीं अर्धा दिवस, अशी परीक्षा झाल्यावरच ती जोडी रोजच्या वापरांत आली. संध्याकाळीं पाय पाहण्याचा परिपाठ मात्र सुटला नाहीं आणि तो सुटूंही नये.

नातीच्या वहींत तें सर्व गणित अजून आहे. वर पावलाचीं मापें, खालीं हाताचे टाके, आणि शेवटीं ६०, ३६, ८४ हे आकडे. पुढच्या वर्षीं लोकर बदलली, सुया बदलल्या किंवा पाय थोडा अधिक सुजला, तर ते आकडे बदलतील. रीति मात्र तीच राहील. ज्याचें जळतें त्यालाच तें कळेनासें झालें, म्हणजे तें कळून घेण्याचें काम घरच्या माणसांवर येतें. आणि तें पार पाडण्यास पुष्कळदां एक फीत, एक वही आणि थोडा धीर एवढें साहित्य पुरतें.